जरा थंड घे!

‘यार, थंड घे!’ हा डायलॉग आपण दिवसातून दहादा मारतो. बॉस भडकला, डेडलाइन हुकली, की हेच औषध! पण मानेला जबर मार लागलेल्या पेशंटला डॉक्टरांनी खरंच थंड केलं तर?

९ सप्टेंबर २००७. अमेरिकन फुटबॉलच्या ‘बफेलो बिल्स’ टीमचा २५ वर्षांचा केव्हिन एव्हरेट प्रतिस्पर्ध्याला अडवायला धावला, हेल्मेट आदळलं आणि तो कोसळला. मानेचे मणके सरकले होते, हातपाय हलेनात. टीमचे स्पाइन सर्जन अँड्र्यू कॅपुचिनो यांनी थंडगार सलाइन शिरेतून द्यायला लावलं, ते थेट अ‍ॅम्ब्युलन्समध्येच. पाठोपाठ ऑपरेशन. तो पुन्हा चालेल याची खात्री नव्हती, पण डिसेंबरमध्ये पठ्ठ्या त्याच स्टेडियममध्ये चालत आला!

यामागचं लॉजिक सोपं आहे. पहिला आघात क्षणाचा असतो. खरी पडझड नंतर, काही तास ते काही दिवस चालते. मज्जारज्जू सुजतो, रक्तपुरवठा घटतो, वाचलेल्या पेशीही मरू लागतात. शरीराचं तापमान ३७ अंशांवरून ३३ वर आणलं, की पेशींची ऑक्सिजनची भूक कमी होते. मायामीच्या डॉक्टरांनी तर १४ पेशंट्सना ४८ तास असं गार ठेवून पाहिलं.

मग हे सगळीकडे का होत नाही? मलाही हाच प्रश्न पडला. गोम अशी, की एव्हरेटला थंड सलाइन, स्टेरॉइड आणि झटपट ऑपरेशन असं सगळंच मिळालं. श्रेय नक्की कुणाला द्यायचं? शिवाय गारव्याने न्यूमोनिया होऊ शकतो, हृदयाची लय बिघडू शकते. त्यामुळे हा आजही नेहमीचा उपचार नाही. २४ तासांच्या आत ऑपरेशन करून मज्जारज्जूवरचा दाब काढण्याला जास्त भक्कम पुरावा आहे.

म्हणजे खेळ वेळेचा आहे, आणि तिथे आपण कामाला येतो. बाइकवरून कुणी पडलेलं दिसलं, तर हातपाय धरून रिक्षात कोंबू नका. १०८ला फोन लावा. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढू नका, डोकं-मान आहे तशीच स्थिर धरा. आणि मानेवर बर्फ? उपयोग नाही, तो मज्जारज्जूपर्यंत पोचत नाही.

पेशंटला थंड करायचं की नाही, ते डॉक्टर बघतील. आपण फक्त डोकं थंड ठेवायचं!