पैसा तिऱ्हाइताच्या हाती

सप्टेंबर १९९५ मध्ये पिएर ओमिड्यार या प्रोग्रामरने कॅलिफोर्नियात ‘ऑक्शनवेब’ नावाचा ऑनलाइन लिलाव सुरू केला. तिथे अगदी सुरुवातीला जे विकलं गेलं त्यात एक बिघडलेला लेझर पॉइंटर होता. तो १४.८३ डॉलरला गेला, कारण घेणाऱ्याला बिघडलेलेच पॉइंटर जमवायचा नाद होता. पुढे ‘ईबे’ या नावाने गाजलेल्या या बाजारात माल हाताळून बघायची सोय नव्हती. विकणारा हजार मैलांवर, पैसे मात्र आधी पाठवायचे. फसगत झाली तर जाब विचारायला दुकानसुद्धा नाही. गेल्या तीस वर्षांत या अडचणीवर मुख्यतः दोन इलाज झाले. एक, विकणाऱ्याची पत चारचौघांत मांडायची. दुसरा, माल पोचेपर्यंत पैसा तिऱ्हाइताकडे ठेवायचा. गाजला पहिला, गिऱ्हाइकाला खरा उपयोगी पडला दुसरा.

पत मांडण्याचा प्रयोग फेब्रुवारी १९९६ मध्ये सुरू झाला. तक्रारींचे ईमेल निस्तरून थकलेल्या ओमिड्यारने ‘फीडबॅक फोरम’ उघडला: व्यवहार चांगला झाला तर एक गुण अधिक, वाईट झाला तर एक उणे, आणि खाली चार शब्दांचा शेरा. कल्पना साधी होती, पण तिला बाजारात मोल होतं. पॉल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी पोस्टकार्डं विकणाऱ्या एका मुरलेल्या विक्रेत्याकडून सारखाच माल दोन तऱ्हांनी विकून पाहिला, काही त्याच्या नावाजलेल्या खात्यावरून आणि काही कोऱ्या खात्यांवरून. नावाजलेल्या खात्याला सरासरी ८.१ टक्के जास्त भाव मिळाला. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

पण ज्या गोष्टीला भाव असतो, तिची नक्कलही होते. मे २००० मध्ये केनेथ वॉल्टन नावाच्या कॅलिफोर्नियातल्या वकिलाने ईबेवर एक चित्र विकायला ठेवलं. जाहिरातीचा सूर असा, की बिचाऱ्याला चित्रकलेतलं काही कळत नाही, घरातली अडगळ काढतोय. चित्रावरची आद्याक्षरं मात्र रिचर्ड डीबेनकॉर्न या नामवंत चित्रकाराची वाटावीत अशी होती. बोली १,३५,८०५ डॉलरवर गेली. मग उघड झालं, की वॉल्टन आणि त्याचे साथीदार वेगवेगळ्या नावांनी आपल्याच मालावर बोली चढवत होते. ईबेने सौदा रद्द केला आणि पुढच्या वर्षी वॉल्टनने न्यायालयात गुन्हा कबूल केला.

प्रामाणिक विक्रेत्यांच्या बाजारातही गुणांचा घोळ होताच. गिऱ्हाइकाने उणे गुण दिला की विक्रेता सूड म्हणून त्यालाही उणे देई. त्या धाकाने लोक वाईट लिहायचं टाळत. अखेर २००८ मध्ये ईबेने विक्रेत्यांचा गिऱ्हाइकाला उणे गुण देण्याचा अधिकार काढून घेतला.

दुसरा इलाज सर्वांत मोठ्या प्रमाणावर रुजला तो चीनमध्ये. २००३ मध्ये अलिबाबा कंपनीने ‘ताओबाओ’ हा ऑनलाइन बाजार सुरू केला तेव्हा विकणारे होते, बघणारेही होते, पण आधी पैसे द्यायला कोणी तयार नव्हतं. मग ‘अलिपे’ ही पैसे सांभाळणारी सेवा मध्ये उभी राहिली. गिऱ्हाइकाने पैसे अलिपेकडे भरायचे, विक्रेत्याने ते जमा झाल्याचं बघून माल धाडायचा, आणि गिऱ्हाइकाने ‘मिळाला, ठीक आहे’ म्हटल्यावरच पैसे विक्रेत्याला सुटायचे. जुना इतिहास काहीही असो, समोरच्या सौद्यापुरता लबाडीचा फायदाच संपला.

ठकांनी याचं महत्त्व लगेच ओळखलं. ‘एस्क्रो’ची, म्हणजे पैसे सांभाळणाऱ्या मध्यस्थाची, खोटी संकेतस्थळं निघाली. गिऱ्हाइकाला वाटे पैसे मध्यस्थाकडे सुरक्षित आहेत, प्रत्यक्षात मध्यस्थ आणि विक्रेता एकच. रोमानियातलं रिम्निकू व्हिल्चा हे गाव अशा धंद्यासाठी जगभर बदनाम झालं.

भारतात हा बाजार आणला मुंबईच्या ‘बाझी डॉट कॉम’ने, २००० साली. ईबेने २००४ मध्ये ती कंपनी सुमारे पाच कोटी डॉलरला विकत घेतली. पुढे ‘पैसापे’ या सोयीने पैसे आधी कंपनीकडे जात आणि माल पोचल्यावर विक्रेत्याच्या खात्यात. म्हणजे दुसरा इलाज आपल्याकडेही आला होता. पण जुन्या वस्तूंची गर्दी वळली ती ओएलएक्स आणि क्विकरकडे. तिथे जाहिरात फुकट, फोन नंबर समोर, बाकीचं तुमचं तुम्ही बघा. ऑगस्ट २०१८ मध्ये ईबेचं भारतातलं संकेतस्थळ बंद झालं.

त्याआधी दोन वर्षं, २०१६ मध्ये, यूपीआय आलं होतं. पैसे क्षणात पोचू लागले आणि गेलेले पैसे माघारी बोलावायची सोय राहिली नाही. मधला तिऱ्हाईत गळाला, आणि त्या मोकळ्या जागेत ‘फौजी’ शिरला.

त्याची तऱ्हा एव्हाना पोलिसांना पाठ आहे. जवळजवळ नवी स्कूटर, किंमत निम्मी. फोनवर अदबशीर हिंदी: बदली झाली आहे, तातडीने विकायची आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर गणवेशातला फोटो, कॅन्टीन कार्ड, आधार कार्ड. सगळं दुसऱ्या कुणाचं. गाडी बघायला येतो म्हटलं तर, ‘छावणीत बाहेरच्यांना प्रवेश नाही, आर्मी पार्सलने घरपोच पाठवतो.’ आधी फक्त वाहतुकीचे पैसे. मग गाडीवर चिकटवलेल्या पावतीचा फोटो आणि जीएसटी. मग ‘गाडी नाक्यावर अडकलीय, अनामत भरा, लगेच परत मिळेल.’ आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. हाच फौजी कधी गिऱ्हाईक होऊन येतो आणि ‘पैसे घ्यायला हा क्यूआर कोड स्कॅन करा’ म्हणतो. पिन टाकला की पैसे येण्याऐवजी जातात.

कायदा काय करत होता? नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला, पाठोपाठ ई-कॉमर्सचे नियमही आले. ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण त्यात बंधनकारक आहे. पण नियमित व्यवसाय म्हणून नव्हे, तर वैयक्तिक नात्याने कुणी काही विकत असेल, तर हे नियम त्याला लागू नाहीत. जुनी स्कूटर विकणारा नेमका याच सवलतीत बसतो. उरतात ती माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड सारखी फौजदारी कलमं, तोतयेगिरीला तीन वर्षांपर्यंत कैद. आधी ठक सापडला पाहिजे.

म्हणून गेल्या पाच वर्षांत भर दिला गेला तो पैसा वाटेत अडवण्यावर. २०२१ मध्ये केंद्रीय गृहखात्याने सायबर आर्थिक फसवणुकीसाठी हेल्पलाइन सुरू केली, तिचाच नंबर आता १९३० आहे. तक्रार नोंदली की ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला इशारा जातो आणि शिल्लक असेल ती रक्कम गोठवता येते. ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैसे मागणारी ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ बंद झाली आणि लुबाडणुकीची एक वाट बुजली. व्यक्तीने व्यक्तीला विकलेल्या मालाचे पैसे मध्ये धरून ठेवण्याची सक्ती मात्र आजही कुणावर नाही.

तोवर ते काम गिऱ्हाइकालाच करायला हवं. गाडीसमोर उभं राहून, आरसी बुक ताडून बघितल्याशिवाय एक रुपयाही आगाऊ देऊ नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सांगून ठेवा. आणि फसलातच तर लाजेने दिवस घालवू नका. व्यवहाराचा नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवून लगेच १९३० फिरवा. रक्कम ठकाने काढून घेण्याआधीच ती गोठवता येते.