लहान धंदेवाइकाची लेखणी



बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, अशा अर्थाची एक म्हण आपल्याकडे प्रसिद्ध आहे. पिढ्यान्‌पिढ्या दुकानदाराचे हे बोलणे दुकानाच्या उंबरठ्यापुरते मर्यादित होते. आता गिऱ्हाईक घराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वीच हातातील मोबाइलवर आपला प्रश्न विचारू लागले आहे. त्या क्षणी दुकानदार तेथे हजर नसतो. हजर असते ते त्याच्याविषयी अथवा त्याच्या मालाविषयी कोणी तरी लिहून ठेवलेले. हे लेखन लहान धंदेवाइकाने स्वतः का करावे व कसे करावे, हा आजच्या भाषणाचा विषय होय.

प्रथम साधनांची ओळख करून घेऊ. त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग पाटीचा. गूगलच्या नकाशावर दुकानाचे नाव, पत्ता, उघडण्याच्या वेळा आणि छायाचित्रे विनामूल्य नोंदविता येतात. दुसरा वर्ग व्यवहाराचा. २०१६ साली सुरू झालेली यूपीआय ही पैसे चुकते करण्याची पद्धत आणि २०१८ साली आलेले व्हॉट्सॲप बिझनेस ही त्याची उदाहरणे होत. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये मालाची सचित्र यादी ठेवता येते आणि दुकान बंद असता ठरावीक उत्तर आपोआप पाठविता येते. तिसरा वर्ग लेखनाचा, म्हणजेच ब्लॉगचा. तारीखवार लिहिलेली, नवे टिपण सर्वांत वर असणारी, कोणासही वाचावयास खुली अशी इंटरनेटवरील वही, एवढी ब्लॉगची व्याख्या पुरेशी आहे. २००३ साली निघालेल्या वर्डप्रेससारख्या साधनांमुळे ती उघडण्यास यंत्रविद्येचे विशेष ज्ञान लागत नाही. पहिल्या दोन वर्गांतील साधने आपल्या बाजारपेठांत चांगली रुळली आहेत. तिसऱ्याची मात्र उपेक्षा होते. आणि लहान धंद्याचे खरे बळ माझ्या मते तेथेच आहे.

ह्याचा एक बोलका दाखला इंग्लंडमधला आहे. लंडनमधील सॅव्हिल रो हा रस्ता अंगाच्या मापाने उंची कपडे शिवणाऱ्या शिंप्यांसाठी जगप्रसिद्ध आहे. तेथे कसब कमावलेल्या टॉमस मॅहन नावाच्या शिंप्याने, ह्यू मॅक्लाउड ह्या व्यंगचित्रकार मित्राच्या सल्ल्याने, २००५ साली ‘इंग्लिश कट’ नावाचा ब्लॉग सुरू केला. त्यात त्याने ‘आमच्याकडे उत्तम कपडे मिळतील’ असा घोष केला नाही. कोट कसा बेततात, अस्तराच्या आत काय दडलेले असते, खरोखर मापाने शिवलेला कोट आणि तसा भासविलेला कोट ह्यांत भेद कोणता, अशा धंद्यातील गोष्टी त्याने साध्या भाषेत उलगडून दाखविल्या. परिणाम असा झाला की, एरवी ज्यांच्या कानी त्याचे नावही गेले नसते, अशी गिऱ्हाइके दूर अमेरिकेतूनही त्याच्याकडे येऊ लागली. वाचणाऱ्याला कारागिराची पारख आधी झाली. कोट मागाहून आला.

दुसरा दाखला अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतातला. मार्कस शेरिडन व त्याचे भागीदार घरोघरी पोहण्याचे हौद बसविण्याचा धंदा करीत. २००८ सालच्या मंदीत लोकांनी असल्या चैनीच्या खर्चातून हात आखडता घेतला आणि धंदा बुडण्याच्या बेतास आला. जाहिरातीस पैसा उरला नाही, तेव्हा शेरिडनने एक साधा नियम केला: गिऱ्हाइकांनी आजवर विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर लिहून काढावयाचे. त्यांत सर्वांत अवघड प्रश्न किमतीचा. व्यापारी सहसा त्याला बगल देतात. शेरिडनने किंमत कशाने वाढते, कशाने घटते आणि साधारण किती पडते, हे सरळ लिहिले. आपल्या प्रकारच्या हौदाचे दोषही त्याने लपविले नाहीत. त्या लेखनाने धंदा सावरला. पुढे २०१७ साली त्याने ह्या पद्धतीवर पुस्तकही लिहिले.

ह्या दोन्ही दाखल्यांचे मर्म एकच आहे. मोठी कंपनी जाहिरातीवर जेवढा पैसा ओतते, तेवढा लहान धंदेवाइकाने ओतू म्हटले तर त्याचे दिवाळे निघेल. परंतु रोज स्वतःच्या हाताने माल हाताळून त्याला जे ज्ञान प्राप्त झालेले असते, ते पगारी जाहिरातलेखकाजवळ नसते. हे ज्ञान म्हणजेच त्याचे भांडवल; आणि ते वाटल्याने घटत नाही.

आपल्याकडील उदाहरण घेऊ. कोकणातील एखादा बागायतदार हापूस आंब्याच्या पेट्या थेट घरोघर पाठवितो. ‘अस्सल हापूस’ हे दोन शब्द तर प्रत्येकजणच लिहितो. त्याऐवजी त्याने असे लिहावे की, हापूसचे भौगोलिक मानांकन २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर ह्या जिल्ह्यांतील आंब्यास मिळाले आहे आणि आपली बाग अमुक तालुक्यात आहे. पेटी कच्ची पोचल्यास आंबे पेंढ्यात अढी घालून पिकवावे, पिकण्यापूर्वी शीतकपाटात ठेवू नयेत. फळ आत साक्याने खराब निघाले तर आपण काय भरपाई देतो. फराळाचे जिन्नस करणाऱ्या गृहिणीने चकली किती दिवस कुरकुरीत राहते, ओल्या नारळाची करंजी परदेशी का पाठवू नये, हे लिहावे. महिन्यातून दोन टिपणे, तीही आपल्या नेहमीच्या मराठीत, एवढे पुरे आहे.

आता एक सावधगिरीची सूचना. जे लिहावयाचे ते स्वतःच्या जागेत लिहावे. समाजमाध्यमे म्हणजे दुसऱ्याचे अंगण. तेथे मांडव घालावा, पण घर बांधू नये. जिओसिटीज ही एके काळची गजबजलेली वसाहत २००९ साली बहुतांशी मोडली. गूगल प्लस २०१९ साली सर्वसामान्यांसाठी बंद झाले. टिकटॉकवर भारतात २०२० साली बंदी आली आणि ज्यांनी आपले सारे गिऱ्हाईक तेथे जमविले होते, त्यांचा एका रात्रीत संपर्क तुटला. म्हणून धंद्याच्या नावाचा स्वतंत्र पत्ता वार्षिक शुल्क भरून घ्यावा. २०१४ पासून ‘.भारत’ असा देवनागरीतील पत्ताही मिळू शकतो. हा पत्ता संकेतस्थळ करून देणाऱ्या तंत्रज्ञाच्या नव्हे, तर स्वतःच्या नावे नोंदवावा. लेखांची आणि गिऱ्हाइकांच्या यादीची एक प्रत आपल्याजवळ राखावी. मग अंगणातून येणाऱ्यास घराची वाट दाखविता येते.

दुसरी सूचना सचोटीची. स्वतःच गिऱ्हाइकाचे सोंग घेऊन आपल्या मालाची स्तुती लिहिणे हा २०२० सालच्या ई-व्यापाराविषयीच्या ग्राहक संरक्षण नियमांचा भंग आहे. कायदा बाजूस ठेवला तरी त्यात व्यवहारचातुर्य नाही. जेथे दहा गोड अभिप्राय आहेत, तेथे वाचणारा अकरावा कडू अभिप्राय शोधतो आणि त्याखाली दुकानदाराने काय उत्तर दिले आहे, ते पाहतो. ‘चूक झाली, पेटी बदलून दिली’ हे एक वाक्य त्या दहा स्तुतींहून अधिक काम करते.

ह्या मार्गाचे फळ सावकाश मिळते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पहिली कित्येक टिपणे कोणी वाचलीच नाहीत असे वाटेल. पण जाहिरातीचे पैसे संपले की जाहिरात थांबते. लिहिलेले उत्तर मात्र दुकान बंद असतानाही गिऱ्हाइकाशी बोलत राहते.

शेवटी दोन शब्द घरी ऐकत असलेल्या आपणांविषयी. आपण स्वतः धंदा करीत नसाल. परंतु ओळखीच्या शिंप्यास, सुतारास, फराळवालीस जे प्रश्न आपण तोंडी विचारता, तेच त्यांच्या लेखनाचे विषय आहेत. ते प्रश्न त्यांस लिहून द्या. आणि घरात संगणकाशी सलगी असलेली मुले असतील, तर पहिले टिपण लिहून काढण्यास त्यांस साहाय्य करावयास सांगा. एवढे सुचवून मी आपला निरोप घेतो.