आकडा तोच, माणसे निराळी

अमेरिका म्हटली की सुशिक्षित मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे उभी राहतात ती न्यूयॉर्क-शिकागोसारखी महानगरे, किंवा मराठी अभियंते आणि डॉक्टर जेथे स्थायिक झाले ती न्यू जर्सी-कॅलिफोर्नियातील उपनगरे. मक्याच्या अफाट शेतांमध्ये वसलेले लहान गाव त्याच्या फारसे परिचयाचे नसते. वस्तुतः त्या देशात श्रमाचा मोबदला कसा ठरतो आणि त्या मोबदल्यापायी एखाद्या वस्तीची लोकरचना कशी पालटते, हे पाहावयाचे असेल तर असे लहान गावच अधिक उपयोगी पडते. आयोवा राज्याच्या वायव्य भागातील स्टॉर्म लेक हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण होय.

स्टॉर्म लेक हे ब्यूना व्हिस्टा काउंटीचे मुख्य ठिकाण. काउंटी म्हणजे आकाराने आपल्या एखाद्या तालुक्याएवढा प्रशासकीय घटक. या काउंटीची लोकसंख्या १९८० साली सुमारे २०,८०० होती. २०२० च्या जनगणनेतही ती जवळजवळ तेवढीच भरली. नुसता हा आकडा पाहणारास वाटावे, की चाळीस वर्षांत येथे काहीच घडले नाही. परंतु शेजारच्या पोकाहाँटस काउंटीकडे पाहिले म्हणजे खरा अर्थ ध्यानात येतो. तेथे १९८० साली ११ हजारांहून अधिक लोक राहत होते, २०२० साली जेमतेम ७ हजार उरले. २०१० ते २०२० या दशकात आयोवाच्या ९९ काउंट्यांपैकी ६८ काउंट्यांची लोकसंख्या घटली. असे असता स्टॉर्म लेक गाव मात्र १९८० मधील ८,८१४ वरून २०२० मध्ये ११,२६९ वर गेले. एके काळी जवळजवळ सर्वस्वी गोऱ्या वस्तीच्या या गावात आज एक-तृतीयांशाहून अधिक लोक लॅटिन अमेरिकी वंशाचे आहेत आणि आशियाई व पॅसिफिक बेटांवरील लोकांची संख्याही मोठी आहे. काउंटीचा आकडा तोच राहिला. त्या आकड्यामागची माणसे बदलली.

मजुरीचा दर आणि लोकवस्ती

या बदलाचे मूळ मांस-उद्योगाच्या पुनर्रचनेत आहे. हा उद्योग पूर्वी शिकागोसारख्या शहरांत एकवटलेला होता. अप्टन सिंक्लेअर यांच्या १९०६ मधील ‘द जंगल’ या कादंबरीने तेथील कामगारांची दैना जगापुढे मांडली. पुढे कामगार संघटना बळावल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात खाटीकखान्यातील कामगार मध्यमवर्गीय जीवन जगू शकेल इतके वेतन मिळवू लागला. १९६० साली आयोवातच स्थापन झालेल्या आयबीपी या कंपनीने हे गणित उलटे केले. कारखाना शहरात न ठेवता जनावरांच्या जवळ न्यावयाचा. कुशल खाटकाच्या कामाचे बारीक तुकडे पाडून प्रत्येक कामगारास एकच काप दिवसभर घ्यावयास लावायचे. म्हणजे कौशल्याची किंमत देण्याची गरज उरत नाही आणि संघटनेचाही जोर ओसरतो. शिकागोचे सुप्रसिद्ध पशुबाजार आवार १९७१ साली बंद पडले.

स्टॉर्म लेक येथे हायग्रेड कंपनीचा डुकराच्या मांसाचा कारखाना होता. तेथील कामगार संघटित होते, त्यांची वेतने चांगली होती आणि त्यांच्या पगारावर गावातील दुकाने चालत. १९८१ साली हा कारखाना बंद पडला. १९८२ साली आयबीपीने तो पुन्हा सुरू केला, तो संघटनेशी करार न ठेवता आणि बऱ्याच कमी मजुरीवर. जुन्या कामगारांपैकी फारच थोड्यांना पुन्हा काम मिळाले. त्याच दशकात शेतजमिनींच्या किमती कोसळल्या, चढ्या व्याजाची कर्जे थकली आणि शेकडो शेतकरी कुटुंबांचा संसार मोडला. गावातील तरुण शिक्षणासाठी बाहेर पडले ते परतले नाहीत. काम होते, परंतु त्या दराने ते करावयास स्थानिक माणूस तयार नव्हता, किंवा शिल्लकच उरला नव्हता.

ही पोकळी बाहेरून आलेल्यांनी भरली. १९७५ साली आयोवाचे गव्हर्नर रॉबर्ट रे यांनी इंडोचीनमधील युद्धामुळे परागंदा झालेल्या ताई दाम जमातीच्या निर्वासितांना राज्यात आश्रय दिला होता. त्यांच्या आणि पाठोपाठ आलेल्या लाओसी कुटुंबांच्या रूपाने कारखान्याला पहिली फळी मिळाली. नंतर मेक्सिकोतून, विशेषतः हालिस्को राज्यातून, माणसे येऊ लागली. अलीकडे मार्शल बेटे व मायक्रोनेशिया येथील लोक आले. १९८६ साली अमलात आलेल्या करारानुसार त्यांना व्हिसाविना अमेरिकेत राहता व काम करता येते. ब्यूना व्हिस्टा हे नाव १८४७ साली अमेरिकेने मेक्सिकोविरुद्ध लढलेल्या एका लढाईवरून पडलेले आहे. त्या नावाच्या काउंटीचा उद्योग आज बव्हंशी मेक्सिकन वंशाच्या हातांवर चालावा, हा इतिहासाचा विचित्र न्याय म्हणावयाचा.

रोजचे जगणे

आज हा कारखाना टायसन कंपनीकडे आहे. तिने २००१ साली आयबीपी विकत घेतली. तेथे रोज सुमारे १७ हजार डुकरांची कत्तल करण्याची क्षमता आहे. गावाचे घड्याळ कारखान्याच्या पाळ्यांवर चालते. थंड दालनात, ओल्या फरशीवर, खांद्याला खांदा लावून उभे राहावयाचे आणि सरकत्या साखळीच्या गतीने तोच काप हजारो वेळा घ्यावयाचा, असे हे काम. मनगट, खांदा व पाठ यांची दुखणी या धंद्यास चिकटलेलीच आहेत. नवराबायको वेगवेगळ्या पाळ्यांत काम करून मुले सांभाळतात. महानगरातल्यासारखी बसव्यवस्था नसल्याने मोटार ही चैन नसून गरज ठरते, आणि तिच्या हप्त्यासाठी जादा तास काम करावे लागते. तरीही लेक अ‍ॅव्हेन्यूसारख्या मुख्य रस्त्यावर दिवे पेटलेले असतात. शेजारच्या गावांत दुकानांना फळ्या ठोकलेल्या दिसतात, तर येथे मेक्सिकन भाकरीची आणि आशियाई किराणा मालाची दुकाने चालतात.

सर्वांत मोठा पालट शाळेत दिसतो. तेथील मुले वीसहून अधिक भाषा बोलणाऱ्या घरांतून येतात आणि त्यांत गोरी मुले अल्पसंख्य आहेत. कारखाना नव्याने सुरू झाला त्याच १९८२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात असा निर्णय दिला, की कागदपत्रे नसलेल्या मुलांनाही सार्वजनिक शाळेचे दार बंद करता येणार नाही. या निर्णयामुळेच कामगारांची पुढची पिढी शिकू शकली. परंतु इंग्रजी न येणाऱ्या मुलांना शिकविण्याचा जादा खर्च मुख्यतः करदात्यांच्या पैशातून होतो, कारखान्याच्या नफ्यातून नव्हे, हेही लक्षात घ्यावयास हवे.

लाभ कोणाचा, भार कोणाचा

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे लाभ खासगी आहे आणि खर्चाचा मोठा वाटा सामाजिक. स्वस्त मजुरीमुळे कंपनीचा नफा वाढतो आणि देशभरच्या ग्राहकाला मांस स्वस्त मिळते. घरांची टंचाई, दवाखान्यावरचा ताण आणि दुभाष्यांची गरज मात्र गावाच्या वाट्यास येते. शिवाय या श्रमिकांपैकी काहींचे कायदेशीर स्थान अनिश्चित असते. १९९६ साली स्थलांतर खात्याने कारखान्यावर छापा घातला, तेव्हा ही भीती उघड झाली. ज्याला हद्दपारीची धास्ती आहे तो जखमेबद्दल तक्रार करीत नाही आणि मजुरीबद्दल घासाघीसही करीत नाही. कायद्याची ही टांगती तलवार मजुरीचा दर खाली ठेवण्याचे काम बिनबोभाट करते.

२०२० च्या साथीत हे सारे ताळेबंदासारखे समोर आले. त्या वर्षी एप्रिलअखेर राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने मांसाचे कारखाने देशाच्या दृष्टीने अत्यावश्यक ठरविण्यात आले. मे महिन्याच्या शेवटी स्टॉर्म लेकचा कारखाना काही दिवस बंद ठेवावा लागला, कारण २,५१७ कामगारांपैकी ५५५ जणांना कोविडची लागण झालेली आढळली. श्रम अत्यावश्यक, श्रमिक मात्र बदलता येण्याजोगा, अशी ही विसंगती होती. मायक्रोनेशियातील लोकांना १९९६ च्या कायद्याने नाकारलेली सरकारी वैद्यकीय मदत त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांना पुन्हा मिळाली.

राजकारणातील विसंगती याहून कमी नाही. स्थलांतरितांविषयीच्या कडवट भाषणांमुळे देशभर गाजलेले स्टीव्ह किंग जानेवारी २०२१ पर्यंत याच भागाचे काँग्रेसमधील प्रतिनिधी होते. ज्यांच्या श्रमावर गाव उभे आहे त्यांपैकी अनेकांना मतदानाचा अधिकार नाही, हे या कोड्याचे अंशतः उत्तर होय. गावाला स्वतःचा आवाज मात्र आहे. ‘स्टॉर्म लेक टाइम्स’ या सुमारे ३ हजार खपाच्या पत्राचे संपादक आर्ट कलेन यांना २०१७ साली अग्रलेखांसाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले. शेतातील नायट्रेटमुळे नद्यांचे पाणी दूषित झाल्यावरून सुरू झालेल्या खटल्यात काउंट्यांच्या बचावाचा पैसा कोठून येतो, हा प्रश्न त्यांनी आपल्याच वाचकांचा रोष पत्करून लावून धरला होता.

स्थलांतरितांनी गावकऱ्यांचे काम हिरावून घेतले, ही समजूत या इतिहासापुढे टिकत नाही. मजुरी आधी पडली. माणसे नंतर आली. ती आली नसती तर स्टॉर्म लेकचीही गत पोकाहाँटससारखीच होण्याचा संभव होता. परंतु त्यांच्या येण्याने गाव तगले म्हणून मजुरीचा प्रश्न सुटला असे होत नाही. संघटनेचा अधिकार, कायदेशीर स्थान आणि दुखापतीची भरपाई या तीन गोष्टी मिळेपर्यंत गावाची भरभराट परक्या मनगटांच्या झिजेवरच उभी राहणार. जनगणना माणसे मोजते. ती कोणत्या अटींवर जगतात, हे तिच्या रकान्यांत येत नाही. समाजशास्त्राचे खरे काम तेथूनच सुरू होते.