शेळीचे नाव बदलले तेव्हा!

मराठीच्या प्राध्यापकाने संकेतस्थळ बांधणाऱ्यांच्या हत्यारांविषयी लिहावे, हे ऐकून आमचे संगणक विभागातले स्नेही मनातल्या मनात हसतील. हसोत बापडे! गेल्या उन्हाळ्यात मी या धंद्यातल्या एका तरुणाशेजारी आठ दिवस मांडीला मांडी लावून बसलो. बावीस वर्षांचा ऐवज माझ्याच बोटाने बुडालेला पाहिला आणि त्याच्या बोटाने वर आलेलाही पाहिला. तेव्हा दोन शब्द सांगण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

झाले ते असे. आमचे गाव २०२३ साली सरकारी दप्तरी उस्मानाबादचे धाराशिव झाले. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचे संकेतस्थळ मात्र जुन्याच नावाने चालले होते. त्यावर बावीस वर्षांचे अंक आहेत. मुलांच्या कविता, गावोगावच्या जत्रांची वर्णने, दुष्काळाच्या हकीकती! त्यांतल्या कित्येक अंकांची छापील प्रत आज आमच्या ग्रंथालयातही नाही. ही दुरुस्ती करायला माझा एक जुना विद्यार्थी आला. पुण्याच्या एका कंपनीचे काम तो इथे घरी बसूनच करतो.

पहिल्याच दिवशी तो चहासाठी उठला आणि मला वाटले, एवढ्याशा कामाला याची वाट कशाला पाहायची? ‘शोधा’च्या चौकटीत उस्मानाबाद घातले, ‘बदला’च्या चौकटीत धाराशिव घातले आणि ‘सर्व’ या बटणावर बोट ठेवले. क्षणात शेकडो ठिकाणी नाव बदलले. मी कृतार्थ झालो.

मग वाचू लागलो, तो घाम फुटला. पशुपालनावरच्या एका लेखात ‘धाराशिवी शेळी’ चरत होती! वाचकहो, उस्मानाबादी शेळी ही देशभर नावाजलेली जात. तिचे बारसे करणारा मी कोण? २०२० च्या जानेवारीत आमच्या गावी ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. त्या वृत्तांतात त्या वेळी दप्तरी नसलेले नाव जाऊन बसले. आणि गावाच्या नावाचा इतिहास सांगणाऱ्या एका मुलीच्या लेखात वाक्य झाले होते : ‘निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून धाराशिवला धाराशिव हे नाव पडले.’

पोरगा परत आला. पडद्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. रागावला नाही. “सर, तुम्हाला जवळ बसवायच्या आधीच सगळं गिटमध्ये ठेवलंय,” म्हणाला आणि एक ओळ टंकली. शेळी पुन्हा उस्मानाबादी झाली.

रोजकीर्द आणि फांदी

हे गिट म्हणजे काय? लिनक्सचा जनक लिनस टॉरव्हाल्ड्स याने ते २००५ साली तयार केले. देशोदेशी विखुरलेल्या मंडळींना पायात पाय न घालता एकाच कामावर राबता यावे, हा हेतू. आपल्या आडत दुकानातली रोजकीर्द आठवा. कीर्दीत खाडाखोड करायची नसते; चूक झाली तर उलट नोंद करायची. इथेही प्रत्येक बदल कोणी, केव्हा, कशासाठी केला याची नोंद राहते. तिला ‘कमिट’ म्हणतात. हवे तेव्हा मागच्या कोणत्याही नोंदीपाशी जाता येते. नवा प्रयोग करायचा तो ‘ब्रँच’वर, म्हणजे वेगळ्या फांदीवर, साधला तर खोडाला जोडायचा, फसला तर फांदी छाटायची.

दुसरे हत्यार शोधाचे, ज्याने मी घात केला तेच! पण त्याने बदल न करता आधी नुसती यादी काढली. मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतात. पुढे ‘च्या’ आहे, ‘हून’ आहे की ‘ई’ आहे, हे ‘रेग्युलर एक्सप्रेशन’ नावाच्या सांकेतिक नमुन्याने निवडून काढता येते. नमुन्याचा कच्चा खर्डा त्याने कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेतला. पण मग शब्दन् शब्द स्वतः तपासला. यादीचे तीन ढीग झाले. पत्ते आणि मथळे बदलायचे. जुने लेख जसेच्या तसे. शेळीला हात लावायचा नाही. कोणती ओळ कोणत्या ढिगात, हे ठरवायला मात्र तो माझ्याकडे पाही. तिथे माझी मराठी कामास आली.

गोरोबाकाकांची थापटी

कळफलकावरची एफ-१२ ही कळ दाबली की ब्राउझर पानाची हाडे-शिरा उघड्या करून दाखवतो. मोबाइलच्या चिमुकल्या पडद्याचे आणि खेड्यातल्या रखडत्या इंटरनेटचे सोंगही तिथेच आणता येते. इंग्रजीच्या मापाने ओळी बसवल्या तर आपल्या वेलांट्या नि मात्रा कापल्या जातात. अक्षरांत अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. आणि पानाच्या माथ्यावर भाषा मराठी असल्याची खूण केली, तर ज्या टंकात तशी सोय असते तो ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे आपणहून काढतो! एवढ्याशा खुणेसाठी मी त्याला चहा पाजला.

मग आल्या ‘टेस्ट’. आमच्या जिल्ह्यातले तेर हे संत गोरा कुंभारांचे गाव. संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटी घेऊन एकेका डोक्यावर मारली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरले, ही कथा आपण सारे जाणतो. टेस्ट म्हणजे तीच थापटी. दुवा उघडतो का? शेळी उस्मानाबादीच आहे ना? असे प्रश्न एकदा लिहून ठेवायचे. प्रत्येक बदलानंतर यंत्र ते सारे पुन्हा विचारते आणि एकही मडके कच्चे निघाले तर काम पुढे सरकत नाही.

शेवटी पत्त्याचा प्रश्न. संकेतस्थळाच्या पत्त्यातही जुने नाव होते; तो टाकून दिला तर बावीस वर्षांत कोणी कोणाला पाठवलेले दुवे आंधळे होणार. त्यावर ‘३०१’ हा तोडगा आहे. जुन्या दारावर चिठ्ठी लावायची : बिऱ्हाड कायमचे हलले आहे, नवा पत्ता अमुक. ब्राउझर पोस्टमनसारखा वाचकाला मुकाट्याने नव्या दारी आणून सोडतो. जुन्या नावाने येणाऱ्यालाही घर सापडले पाहिजे, हा सज्जनपणा या धंद्यात नियम म्हणून आहे, याचे मला फार अप्रूप वाटले.

आठव्या दिवशी मी त्या मुलीचा लेख उघडला. गावाचे दोन्ही नावांसकट वाक्य तिने लिहिले तसेच होते. नवे करावे ते जुने मोडून नव्हे, जपून. हे मी वर्गात पुष्कळदा सांगितले आहे. त्याची सोय करून ठेवलेली मी प्रथमच पाहिली.

जाण्यापूर्वी त्याने शेवटची नोंद केली. चष्मा लावून मी ती वाचली. तारीख, वेळ, त्याचे नाव, आणि पुढे मराठीत : “शेळी तशीच ठेवली. सरांच्या सांगण्यावरून.”