भिंतीतला पिंपळ

ठाण्यात माजिवड्याच्या नाक्यावरून घोडबंदर रस्त्याकडे वळताना जुन्या इमारतींकडे जरा मान वर करून पाहा. ड्रेनेज पाइपाच्या सांध्यात, छज्ज्याच्या भेगेत, गच्चीच्या कठड्याला पिंपळ नाहीतर उंबर हमखास दिसेल. बुलबुल-साळुंक्या फळं खातात, विष्ठेतून बी भेगेत पडतं आणि गळका पाइप उन्हाळ्यातही त्याची तहान भागवतो. मूठभर चुन्यामातीवर झाड वर्षानुवर्षं तग धरतं. उंची वाढत नाही, बुंधा मात्र जाडजूड होतो. कुंडीत असा बुंधा घडवायला बोन्सायवाल्याचं अर्धं आयुष्य जातं.

बोन्सायसाठी रानातून अशी झाडं आणण्याला जपानमध्ये यामादोरी म्हणतात. शिकोकू बेटावरच्या इशिझुची डोंगरातले शिम्पाकू जुनिपर गेल्या शतकात लोकांनी दोरखंड लावून कड्यांवरून उतरवले. इतके, की तिथे रानात तसं जुनं झाड सापडणं दुर्मीळ झालं. ठाणेकरांनी हे लक्षात ठेवायला हवं, कारण येऊर हाकेच्या अंतरावर आहे आणि तिथल्या करवंदीची पिळदार खोडं पाहून हात शिवशिवतात. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथून झाड उपटणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते वाईटच ठरलं असतं. भिंतीतल्या पिंपळाची गोष्ट वेगळी. तो राहिला तर भिंत फोडतो, आणि इमारत पुनर्विकासाला गेली की राडारोड्याबरोबर डंपरमध्ये जातो. त्याला वाचवणं हे खरंच वाचवणं आहे.

काढायची वेळ मेअखेर ते पहिला पाऊस. हवेत दमटपणा असतो आणि वड-पिंपळाच्या कुळाला ऊब मानवते. छिन्नी-हातोडीने आधी प्लास्टर, मग वीट सुटी करायची. झाड ओढायचं नाही. विटांच्या फटीत दबून मुळं पट्टीसारखी चपटी झालेली असतात, काहींवर सिमेंटचा ठसा उठलेला असतो. जाड मूळ करवतीने कापलं की पांढरा चीक भराभर ओघळतो. तो पाण्याने धुऊन काप कोरडा होऊ द्यावा. बारीक तंतुमुळं जेवढी हाती लागतील तेवढी जपावीत, कारण पाणी तीच ओढतात. फांद्या आखूड कराव्यात, बहुतेक पानं काढावीत आणि मुळांना ओलं गोणपाट गुंडाळून झाड घरी आणावं.

घरी आल्यावर शेणखत आणि उथळ ट्रे, दोन्ही लांब ठेवा. खोल कुंडी, विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू, थोडीशी माती आणि तळाला मोठी भोकं एवढंच पुरतं. पाणी साचलं की कापलेली मुळं कुजतात. खोड तारेने कुंडीला घट्ट बांधावं; वाऱ्याने ते हललं तर नुकती फुटलेली मुळं तुटतात. जागा सावलीची, पण उजेडाची.

तीन-चार आठवड्यांत तांबूस कोंब फुटतात आणि बहुतेक झाडं इथेच दगावतात. हे कोंब मुळांच्या जोरावर आलेले नसतात. खोडात साठवलेल्या अन्नावर येतात. झाड लागलं असं समजून माणूस त्याला उन्हात ठेवतो, खत घालतो, आकारासाठी वायर गुंडाळतो. पानं एकाएकी मान टाकतात, खोडाची साल सुरकुतते. मुळं धरली का हे पाहण्यासाठी झाड उपटून बघणं तर त्याहून घातक. पहिली पानं जून होऊन दुसरी पालवी जोमाने आली, तरच मुळं लागली असं धरावं आणि मग हळूहळू ऊन दाखवावं. आकार देण्याचं काम पुढच्या पावसाळ्यानंतर. बोन्सायच्या प्रदर्शनात लोक फांद्यांच्या रचनेला दाद देतात. माझ्या मते खरी कारागिरी या रिकाम्या वाटणाऱ्या वर्षात असते.

तुमची इमारत पुनर्विकासाला निघाली असेल तर तोडकाम सुरू होण्याआधी सोसायटीची परवानगी घेऊन एकदा गच्ची आणि पाइपांच्या कडेने फिरून या. जमिनीत रुजलेल्या झाडाला मात्र हात लावू नका. त्यासाठी १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. भिंतीतून काढायचं तेही एकच झाड काढा, आणि ते दोन पावसाळे जगल्याशिवाय दुसऱ्याच्या मागे लागू नका.