होडीचे इंजिन घेण्यापूर्वी

दक्षिण गोव्यात बेतूल येथे साळ नदी समुद्रास मिळते. अशा मुखाशी ओहोटीचा ओढ आणि समोरून येणारी लाट ह्यांची गाठ पडते. तेथे इंजिन अकस्मात बंद पडले, तर होडीतील माणसांचा जीव केवळ वल्ह्यांच्या भरवशावर उरतो. म्हणून जे कुटुंब कर्ज काढून होडीच्या पाठीस लावायचे आउटबोर्ड इंजिन घेऊ पाहते, त्याने प्रथम कोणता प्रश्न विचारावा? आमच्या मते ‘हे किती वेगाने पळते?’ हा नव्हे. ‘हे बिघडल्यास कोण दुरुस्त करील आणि सुटा भाग किती दिवसांत मिळेल?’ हाच होय.

केवळ नावलौकिक येथे पुरा पडत नाही. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एविनरूड ह्यांनी १९०९ साली अमेरिकेत मिलवॉकी येथे अशी इंजिने बनविण्यास आरंभ केला. त्यांच्या नावाच्या इंजिनांचे उत्पादन २०२० साली बंद झाले. शतकभर गाजलेल्या नावाची ही गत, तर इतरांची काय कथा!

यास्तव आपल्या व शेजारच्या गावांतील होड्यांवर कोणते इंजिन अधिक दिसते, ते आधी पाहावे. त्या जातीच्या इंजिनावर मिस्त्रीचा हात बसलेला असतो. अडीअडचणीस शेजाऱ्याकडून प्लग मिळतो. जुन्या इंजिनाचे भागही उपयोगी पडतात. पैसे मोजण्यापूर्वी दुकानदारास पाण्याच्या पंपाचे रबरी चक्र, प्लग व पंख्याची पिन प्रत्यक्ष समोर ठेवण्यास सांगावे. ‘मागवून देऊ’ असे उत्तर आल्यास काय ते समजावे.

दोन-स्ट्रोक इंजिन वजनास हलके व रचनेने साधे असते. मात्र त्याच्या पेट्रोलात ठरलेल्या प्रमाणात तेल मिसळावे लागते आणि इंधनही अधिक लागते. चार-स्ट्रोक इंजिन इंधन वाचविते, परंतु ते जड असून त्याची दुरुस्ती जाणत्या मिस्त्रीवाचून होत नाही. घासलेटवर चालणारे इंजिन पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर घासलेटवर न्यावे लागते, आणि थांबविण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणावे लागते. इंजिनाच्या दांड्याची लांबीही होडीच्या पाठीच्या उंचीशी जुळली पाहिजे. दांडा आखूड पडला, तर पंखा पाण्याऐवजी हवा कापतो.

घेतल्यानंतरची निगा तितकीच महत्त्वाची. खाऱ्या पाण्यातून परतल्यावर इंजिनातून गोडे पाणी फिरवावे. इंजिन चालू असताना थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार बाहेर पडते. ती थांबली की इंजिन तत्काळ बंद करावे, कारण बहुधा पंपात वाळू किंवा कचरा अडकलेला असतो. खालच्या गियरचे तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले असे जाणावे. गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा झिजताच बदलावा.

प्लग व पिन बदलणे घरातील निदान दोघांनी तरी शिकून घ्यावे आणि त्यासाठी लागणारे पाने होडीतच ठेवावेत. इंजिन कितीही नवे असो, वल्ही आणि नांगर किनाऱ्यावर ठेवून कोणीही समुद्रावर जाऊ नये, एवढीच आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे.