दोन मिनिटांची सूचना

रात्रीचे अकरा वाजलेत. पुण्यातल्या एका होस्टेलच्या खोलीत जुना लॅपटॉप उघडा आहे, पण तो तापलेला नाही. खरं काम चाललंय मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये, तासाच्या भाड्यानं घेतलेल्या जीपीयूवर. एम.टेक.ची विद्यार्थिनी ७०० कोटी पॅरामीटरच्या एका भाषा-मॉडेलला मराठी शिकवते आहे. मजकूर पुण्याचाच: 'एलथ्रीक्यूब' या तिथल्या गटानं २०२२ मध्ये खुला केलेल्या, २ कोटी ४८ लाख वाक्यांच्या 'महाकॉर्पस' या मराठी संग्रहातला एक तुकडा.

यंत्र घेण्याआधी वहीत हिशेब झाला. एका पॅरामीटरला दोन बाइट धरले, तर नुसतं मॉडेल उघडायला १४ जीबी मेमरी लागते. ते संपूर्ण ट्रेन करायचं म्हटलं, तर ग्रेडियंट आणि ऑप्टिमायझरचा पसारा धरून आकडा १०० जीबीच्या वर जातो. इतकं मोठं कार्ड विद्यार्थ्याच्या खिशाला परवडत नाही. म्हणून तिनं 'क्यूलोरा' ही २०२३ची पद्धत घेतली: मूळ आकडे चार बिटांत दाबून गोठवायचे, त्यांना छोटे थर जोडायचे आणि तेवढेच शिकवायचे. साडेतीन जीबीच्या आसपास मॉडेल मावतं. तरीही पहिल्या रनला 'आउट ऑफ मेमरी' आलंच. तिनं बॅच आठवरून दोनवर आणली.

यंत्र 'स्पॉट'चं आहे. अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा रिकामी यंत्रं बऱ्याच कमी दरात देते आणि गरज पडली की काढून घेते. सूचना मिळते दोन मिनिटांची.

खरं कसब इथंच लागतं. दर दोनशे पायऱ्यांनी चेकपॉइंट जतन होतो. नवखे फक्त मॉडेलचे आकडे साठवतात. मग पुन्हा सुरू करताना ऑप्टिमायझर कोरा असतो आणि उतरलेला लॉस, म्हणजे चुकांचं माप, उसळी घेतो. ही विद्यार्थिनी मात्र ऑप्टिमायझरची अवस्था, पायरीचा क्रमांक, वाक्यांचा क्रम, सगळं ठेवते.

पावणेदोनला सूचना येते. शेवटचा चेकपॉइंट आधीच वेगळ्या स्टोरेजमध्ये पोचलेला असतो. दुसरं यंत्र मिळतं आणि रन अठराशेव्या पायरीवरून पुढे सरकतो. लॉस जिथं होता तिथंच.

अशी कामं एकट्याच्या खिशावर चालू नयेत. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या १०,३७२ कोटींच्या 'इंडियाएआय मिशन'मध्ये सामायिक जीपीयूंची तरतूद आहे. महाविद्यालयांनी तिथं अर्ज करायला विद्यार्थ्यांना हाताशी धरून शिकवावं.

सकाळी रन संपल्यावर ती यंत्र नुसतं थांबवत नाही. थांबवलेल्या यंत्राचं भाडं थांबतं, त्याला जोडलेल्या डिस्कचं चालूच राहतं. निकाल उतरवून घेतल्यावर ती डिस्कही काढून टाकते.